सुईबाई आणि कलम दोन

सुईबाईंना हे नाव शिवणकामावरून पडलं असावं, असा नव्या माणसाचा हमखास समज होतो. प्रत्यक्षात त्यांना शर्टाचं बटणही धड लावता येत नाही. घरात ते काम त्यांचा नवरा करतो, आणि करताना रोज नव्याने टोमणाही मारतो. हे नाव त्यांना मिळालं सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात, मळक्या कपड्यांच्या टेबलाशी.

ते टेबल म्हणजे पत्रा ठोकलेला, दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब ओटा. सकाळी सातला वॉर्डांतून ढकलगाड्या येतात. त्यांत गाठी मारलेल्या पिशव्या असतात. चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे, ऑपरेशन थिएटरातलं हिरवं कापड, सगळं ओलं, डागाळलेलं, एकमेकांत गुंतलेलं. एकेक पिशवी सोडायची, कपडा झटकायचा, रक्ताचे वेगळे, औषधांचे वेगळे, साधे वेगळे, अशी निवड करायची आणि मग मशिनकडे पाठवायचं. त्या गुंत्यात काय काय सापडत नाही! चमचे, चष्मे, मोबाइल. एकदा तर सबंध कवळी. ती कवळी हातात घेऊन सुईबाई चार मजले फिरल्या होत्या आणि शेवटी एका आजोबांच्या तोंडात ती बरोबर बसली, तेव्हाच खाली आल्या.

आणि सापडतात सुया. घाईघाईत चादरीत राहून गेलेल्या, कधी टोपण असलेल्या, बहुतेक वेळा नसलेल्या. बाकीच्या बायका सापडली सुई की कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळ्या व्हायच्या. सुईबाईंनी कॉफीची रिकामी काचेची बरणी आणून टेबलाच्या टोकाला ठेवली आणि सापडलेली प्रत्येक सुई तिच्यात टाकायला सुरुवात केली. शेजारी एक वही. तारीख, वॉर्ड, काय सापडलं, कोणाला टोचलं. सातवी शिकलेल्या बाईचं टपोरं, गोल अक्षर. "हे कशाला?" असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "उद्या कोणी म्हणालं, इथे सुया येतच नाहीत, तर?" बायका हसायच्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

त्याच टेबलावर, त्यांच्या उजव्या हाताला, त्यांची धाकटी जाऊ काम करायची. एकाच घरात दोन भावांना दिलेल्या आणि एकाच ओट्यावर उभ्या राहणाऱ्या या दोघी. घरी एखाद्या गोष्टीवरून वाजलं तर कामावर तोंड फिरवून उभ्या राहायच्या, पण दोन टोकं धरून चादर झटकावीच लागायची, म्हणून दुपारपर्यंत अबोला सुटायचा. सगळं धुलाईघर तिला धाकटीच म्हणायचं.

एका मंगळवारी थिएटरच्या गाठोड्यात धाकटीच्या बोटात सुई गेली. हातमोज्यातून आरपार. ती नळाखाली हात धरून आली, चिंधी बांधली आणि पुढची पिशवी ओढायला लागली. सुईबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला सरळ अपघात विभागात नेलं.

तिथल्या डॉक्टरने फॉर्म काढला. तरुण होता, बिचारा सकाळपासून बसायला मिळालं नव्हतं त्याला.

"पद?"

"धुलाई कामगार."

त्याने फॉर्म परत खणात ठेवला. "हा फक्त डॉक्टर आणि नर्सेससाठी आहे हो. तुम्ही बाहेरच्या रांगेतून केसपेपर काढा."

"अहो, सुई तुमच्याच वॉर्डातून आली. ती काय बाहेरच्या रांगेतून आली?"

डॉक्टर ओशाळला. त्याने जखम स्वतः पुसली, मलम लावलं. पण रक्ताची तपासणी आणि ती लगेच द्यायची लस त्याच्या हातात नव्हती. रांग दुपारी बंद झाली. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, चला. टोचलंच आहे ना नुसतं. ढीग पडलाय तिकडे."

अडीच महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ, तीही साधी नव्हे. सहा आठवडे ती त्याच रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर पडून होती. सुईबाई खाली तिच्या वाटणीचं काम उपसायच्या आणि सुट्टी झाली की वर जाऊन तिच्या उशाशी बसायच्या. धाकटी वाचली. पण अंगातली ताकद अशी गेली की दोन जिने चढायचे तर मध्ये बसावं लागे. आणि ती घरी आली त्या आठवड्यात कार्यालयाचं पत्र आलं: सदर कर्मचारी रुग्णसेवेत प्रत्यक्ष सहभागी नसल्याने सदर आजार सेवेशी निगडित मानता येत नाही.

ते पत्र घेऊन सुईबाई आमच्या संघटनेच्या कार्यालयात आल्या, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

मी सरकारी रुग्णालय कर्मचारी संघटनेत टायपिंग करते. कार्यालय म्हणजे दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. आमचे सरचिटणीस आधी रुग्णवाहिका चालवायचे. आवाज असा की फोनवर बोलले तर फोन नसता तरी चाललं असतं. लोक त्यांना भोंगा म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. त्या दिवशी भोंगा फार खुशीत होते, कारण आठ वर्षं मागे लागून, मोर्चे काढून, निवेदनं देऊन आम्ही जे मागत होतो ते विधेयक अखेर विधिमंडळासमोर येत होतं. आरोग्यसेवकांना कामावर इजा झाली तर तासाभरात तपासणी, औषध, लस, भरपगारी रजा, चांगली साधनं, सगळं त्यात होतं.

सुईबाईंनी पत्र टेबलावर ठेवलं. भोंगांनी वाचलं, मान हलवली आणि विधेयकाची प्रत त्यांच्यापुढे सरकवली. "काळजी सोडा बाई. हा कायदा झाला की असली पत्रं काढायची कोणाची छाती होणार नाही."

सुईबाईंनी चष्मा लावला. आम्हाला वाटलं, चाळतील आणि ठेवतील. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, ओळीवर बोट ठेवून. मी दोन पत्रं टाइप केली तरी त्या वाचतच होत्या. मग बोट थांबलं.

"साहेब, हे कलम दोन. 'आरोग्यसेवक म्हणजे रुग्णाची प्रत्यक्ष तपासणी, उपचार अथवा शुश्रूषा करणारी व्यक्ती.' यात आम्ही कुठे आहोत?"

आठ वर्षं त्या मसुद्याच्या किती प्रती मी स्वतः काढल्या होत्या! एकदाही माझं बोट तिथे थांबलं नव्हतं. ही लाज मी आजही बाळगून आहे.

भोंगा खाकरले. "हे बघा, आत्ता आपण व्याख्या बदलायला गेलो तर सगळंच लांबणीवर पडेल. आधी गाडी निघू दे. उरलेल्यांना पुढच्या थांब्यावर घेऊ."

"तुम्ही रुग्णवाहिका चालवायचात ना?" सुईबाई म्हणाल्या. "अर्धे जखमी रस्त्यात ठेवून कधी निघाला होतात का?"

भोंगांनी माझ्याकडे वळून एवढंच म्हटलं, "कागद लाव मशिनला."

आम्ही दुरुस्ती लिहिली. म्हणजे लिहिली मी, सुचवली संघटनेच्या वकिलांनी, आणि दर ओळीला आडव्या आल्या सुईबाई. वकिलांनी लिहिलं, 'धुलाई कर्मचारीही'. सुईबाई म्हणाल्या, "मग कचरागाडीवाल्यानं काय करायचं? लिफ्टवाल्यानं? पदांची नावं घालत बसाल तर एक ना एक राहणारच." शेवटी ठरलं ते असं: 'रुग्णालयाच्या आवारात काम करणारी कोणतीही व्यक्ती, तिचे पद व नेमणुकीचा प्रकार काहीही असो.' वकिलांनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या पोटावर पाय आणणार."

मग सुरू झाल्या फेऱ्या. सभागृहात आमच्या भागाचे जे प्रतिनिधी होते, त्यांच्या बैठकीच्या खोलीत हिरव्या प्लास्टिकच्या अकरा खुर्च्या होत्या. आमचं प्रत्येकीवर बसून झालं. ते आले की सुईबाई उठून उभ्या राहायच्या, दुरुस्ती पुढे करायच्या, ते हसून म्हणायचे, "बघतो." पाचव्यांदा 'बघतो' ऐकल्यावर सुईबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बघायचंच असेल तर धुलाईघरात येऊन बघा. सकाळी सात ते तीन उघडं असतं." आणि काय सांगू, तो माणूस खरंच आला! सात मिनिटं थांबला, वासानं नाकाला रुमाल लावून. पण जाताना रुमाल काढून म्हणाला, "तुमची साक्ष विधेयक तपासणाऱ्या समितीसमोर व्हायला हवी. नाव घालायला सांगतो."

साक्षीचं पत्र आलं आणि वाघासारख्या सुईबाईंच्या पाचावर धारण बसली. धुलाईघरात चाळीस बायकांवर आवाज चढवणारी ही बाई. पण समितीच्या सदस्यांसमोर, माइकवर? घरी तालीम सुरू झाली. त्यांचे यजमान बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक. त्यांना स्टुलावर बसवून अध्यक्ष केलं. धाकटी भिंतीला टेकून बसायची आणि चुका काढायची. मी वेळ मोजायला जायची, म्हणून मला हे सगळं पाहायला मिळालं.

"सन्माननीय अध्यक्ष..." सुईबाई सुरुवात करत.

"बोला, बोला," यजमान पाय हलवत म्हणत. "पण आधी सांगा, माझ्या निळ्या शर्टाचं बटण तुटलं त्याला सरकार जबाबदार की तुम्ही?"

"अहो!"

"अध्यक्षांना अहो म्हणायचं नसतं."

धाकटी हसून हसून खोकायला लागायची, मग पाणी आणायला धावपळ. चौथ्या दिवशी अध्यक्ष स्टुलावरच पेंगले. सुईबाई एकदम थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "खऱ्या अध्यक्षांनी पण अशाच डुलक्या घेतल्या तर?" धाकटी म्हणाली, "तर माझं नाव सांगा, जाऊबाई. पान वाचू नका. माझ्याबद्दल सांगा." त्यानंतर सुईबाईंनी मी टाइप करून दिलेलं भाषण घडी घालून पिशवीत टाकलं ते पुन्हा उघडलं नाही.

साक्षीच्या दिवशी आम्ही चौघे निघालो: सुईबाई, धाकटी, भोंगा आणि मी. सुईबाईंच्या एका हातात वही, दुसऱ्यात बरणी. विधिमंडळाच्या फाटकावर सामान तपासायचं मशिन. बरणी आत गेली आणि घंटा वाजली.

सुरक्षा अधिकारी पुढे आला. "हे काय आहे?"

"सुया आहेत. त्रेसष्ट. आणि चार ब्लेड. समितीला दाखवायच्या आहेत."

"आत नेता येणार नाहीत."

भोंगांनी आवाज काढला. म्हणाले, हा पुरावा आहे, ही साक्षीदार आहे, तुम्हाला ठाऊक आहे का आम्ही कोण. आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले. अधिकारी जागचा हलला नाही. त्याचं तरी काय चुकलं? मला वाटलं, झालं, सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं. सुईबाई मात्र त्याच्या हातांकडे बघत होत्या. त्याने खणातून जाड हातमोजे काढले, त्यांच्यावर दुसरे चढवले, आणि मग ती झाकण लावलेली बरणी दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून, पत्र्याच्या पेटीत ठेवली.

"साहेब," सुईबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बरणी ठेवून घेतलीत, हरकत नाही. पण पावती द्याल ना?"

"देणारच. नियमच आहे." त्याने पावतीपुस्तक ओढलं.

"काय काय ठेवून घेतलं आणि का, ते नीट लिहा हं. नाहीतर परत मिळायला त्रास व्हायचा."

तो मन लावून लिहीत होता. लिहून झाल्यावर शिक्का मारला, सही केली. सुईबाईंनी पावती वाचली, बोट ठेवून, आणि वहीत ठेवली. भोंगांना अजून उमगलं नव्हतं. मलाही नाही. धाकटी तेवढी ओठ दाबून हसत होती.

समितीची खोली लांबट, थंडगार. अर्धवर्तुळात नऊ सदस्य. मधोमध अध्यक्षा, पूर्वी एका शाळेच्या मुख्याध्यापिका. डुलक्या घेणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या, हे एका नजरेत कळत होतं. आधी आरोग्य खात्याचे सचिव बोलले. सभ्य गृहस्थ, नेटकी फाइल. म्हणाले, खात्याला सगळ्याच कर्मचाऱ्यांबद्दल आदर आहे, परंतु धुलाई व तत्सम कर्मचारी रुग्णांच्या संपर्कात येत नाहीत, त्यांना असलेला धोका नगण्य आहे, आणि व्याख्या एवढी विस्तारली तर कायद्याचा मूळ हेतूच पातळ होईल.

मग सुईबाईंचं नाव पुकारलं. त्या माइकसमोर बसल्या. पहिली दोन वाक्यं कोणालाच ऐकू गेली नाहीत. अध्यक्षा म्हणाल्या, "बाई, सावकाश. माइक जवळ घ्या. आम्हाला घाई नाही."

सुईबाईंनी मागे वळून धाकटीकडे पाहिलं आणि माइक ओढला.

"मी एकोणीस वर्षं मळके कपडे निवडते. मागे बसलीय ती माझी जाऊ. मागच्या वर्षी तिला सुई टोचली. रुग्णाच्या संपर्कात ती आली नाही, साहेब म्हणतात ते खरं आहे. रुग्णाचं रक्तच तिच्या संपर्कात आलं." मग त्यांनी तो मंगळवार सांगितला, खणात परत गेलेला फॉर्म सांगितला, पिवळे डोळे सांगितले. आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत. वही उघडून वाचलं: अमुक तारीख, बाळंतपणाचा वॉर्ड, दोन सुया. अमुक तारीख, थिएटर, ब्लेड. असं पान, दीड पान.

सचिव म्हणाले, "या नोंदी खाजगी आहेत. कोणाची सही नाही, शिक्का नाही. यांना अधिकृत म्हणता येणार नाही."

"बरोबर आहे," सुईबाई म्हणाल्या. "म्हणून शिक्क्याचा कागद पण आणलाय." आणि त्यांनी पावती काढली. "हा तुमच्याच फाटकावरचा आहे. आज सकाळचा. मी वाचते. 'काचेची बरणी एक. आत रुग्णालयीन सुया व ब्लेड, एकूण सदुसष्ट. मानवी शरीरास गंभीर इजा व संसर्ग करू शकणाऱ्या वस्तू असल्याने इमारतीत नेण्यास मनाई.' खाली सही आहे. अध्यक्षबाई, या सदुसष्टच्या सदुसष्ट आमच्या टेबलावर आलेल्या. फाटकावरच्या साहेबांनी झाकण लावलेली बरणी उचलायला हातमोज्यांवर हातमोजे चढवले. शहाणपणाचंच केलं त्यांनी. आम्ही उघड्या चादरीत हात घालतो."

अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला कसले हातमोजे मिळतात?"

"भांडी घासायचे. पिवळे. फाटले की पुढचा महिना उजाडेपर्यंत बोटाला प्लास्टिकची पिशवी."

अध्यक्षांनी पावती मागून घेतली, स्वतः वाचली आणि सचिवांकडे सरकवली. "सचिवमहाशय, धोका नगण्य आहे असं तुमचं म्हणणं. मग आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याला मी चुकीची नोंद केल्याबद्दल जाब विचारू का?" दोन सदस्य हसले, पण सुईबाई हसल्या नाहीत. भोंगांनी माझ्या हातावर एवढ्या जोराने थाप मारली की पेन खाली पडलं.

इथेच सगळं सुटलं असतं तर बरं झालं असतं. पण आठवड्याभराने निरोप आला: धुलाई कर्मचाऱ्यांना व्याख्येत घ्यायला खातं तयार आहे, पण 'नेमणुकीचा प्रकार काहीही असो' हे शब्द काढा. म्हणजे कंत्राटावरचे सगळे बाहेर.

कार्यकारिणीची बैठक बसली. बरेच जण म्हणाले, घ्या पदरात पडतंय ते. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. भोंगा सुईबाईंना म्हणाले, "हे शब्द गेले तरी धाकटी आत येते. तुम्ही आत येता. तुमचा काय निर्णय?"

सुईबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कचरागाडी ओढणारे काका कंत्राटावर आहेत. आमच्या टेबलावरून सुटलेली सुई त्यांच्याच पिशवीत जाते. उद्यापासून मी त्यांना नमस्कार कोणत्या तोंडानं करू?"

तेव्हा कोपऱ्यातून मोठ्या सिस्टर उठल्या. परिचारिकांच्या शाखेच्या त्या प्रमुख. या कायद्याची सगळ्यात जास्त वाट कोणी पाहिली असेल तर त्यांच्या पोरींनी. त्या म्हणाल्या, "टोपण न लावता चादरीत राहिलेली सुई आमच्याकडूनच राहते. तीस-तीस रुग्णांमागे एक नर्स, म्हणून राहते, पण आमच्याकडूनच. आमची सही झालेला कायदा या बाईला नाही म्हणत असेल, तर मला तो नको." आणि त्या बसल्या. हात वर झाले. नऊ विरुद्ध चार. शब्द ठेवायचे ठरले.

त्यानंतरचे सात आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. सभागृहात जेवढे सदस्य, तेवढ्यांना त्यांच्या त्यांच्या मतदारसंघातल्या रुग्णालयातून पत्र जायला हवं, ही कल्पनाही सुईबाईंचीच. "आपल्या गावच्या माणसाचं पत्र कचऱ्यात टाकायला जड जातं," त्या म्हणायच्या. धुलाईघरं, स्वयंपाकघरं, शवागारं, कुठून कुठून पत्रं आली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी सांगितली, शेजारणीने उतरवली. एका शिपायाने फक्त एवढंच लिहिलं होतं: 'मी बावीस वर्षं रक्ताच्या बाटल्या नेतो. मी कोण आहे ते कळवावे.' ते पत्र एका सदस्याने भर सभागृहात वाचून दाखवलं.

मतदानाच्या दिवशी आम्ही प्रेक्षकांच्या सज्जात होतो. धाकटी जिने चढताना दोनदा बसली, पण लिफ्ट नको म्हणाली. दुरुस्ती मंजूर झाली, सगळ्या शब्दांसकट. नंतर विधेयक मंजूर झालं. सज्जात टाळ्या वाजवायला बंदी आहे, म्हणून आम्ही एकमेकींचे हात घट्ट धरून नुसत्या बसलो. भोंगा, ज्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो, ते चष्मा काढून पुसत राहिले. सुईबाईंनी धाकटीचं ते टोचलेलं बोट आपल्या मुठीत धरलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चल, उद्या सातला गाड्या येतील."

आता धुलाईघरात कोपरापर्यंतचे जाड हातमोजे असतात, लांब चिमटे असतात, वर्षातून एकदा लस देणारी सिस्टर स्वतः खाली येते. धाकटीचा आजार कामामुळे झाला असं कार्यालयाला लिहून द्यावं लागलं. ती परत कामावर आली, आता धुतलेल्या कपड्यांच्या बाजूला, बसून घड्या घालायच्या कामावर. आता दोघींमध्ये मशिनांची रांग आहे, त्यामुळे अबोला चार-चार दिवस टिकतो, अशी सुईबाईंची तक्रार आहे.

मागच्या वार्षिक सभेत मोठ्या सिस्टरनी उपाध्यक्षपदासाठी सुईबाईंचं नाव सुचवलं. धुलाईघरातलं माणूस आमच्या व्यासपीठावर कधीच बसलं नव्हतं. विरोधाला एकही हात वर झाला नाही. सुईबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, उठायचं असल्यासारख्या. समोर पहिल्या रांगेत त्यांचे यजमान होते, निळ्या शर्टात, छाती पुढे काढून, शेजारच्या अनोळखी माणसाला ते तिसऱ्यांदा सांगत होते, "आमच्या मंडळी आहेत त्या."

सभेपुढचा पुढचा विषय होता रुग्णालयांच्या कामाच्या पाळ्यांबद्दलचं नवं विधेयक. संघटनेने पाठिंबा द्यावा, असा ठराव भोंगांनी मांडला. "सर्वांना मान्य?" जेवणाची वेळ झाली होती. तीनशे माणसं 'मान्य' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुईबाईंनी माइक जवळ ओढला.

"मसुदा वाचलाय का सगळ्यांनी?"

कुजबुज झाली. कोणी छताकडे पाहिलं, कोणी चपलेकडे. भोंगांनीही.

"पोरी," त्या मला म्हणाल्या, "ये इकडे. पहिल्या कलमापासून वाच. मोठ्यानं."

मी वाचायला लागले. पावणेदोन तास लागले. भूक सगळ्यांनाच लागली होती, पण तीनशेतलं एकही माणूस उठून गेलं नाही.